चुलीवरचं भांडं

हरिभाऊ कासाराने विमानाच्या पोटावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि समाधानाने मान हलवली. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात, अगदी तशी.

"माल चोख हाय, वकीलसाहेब. जर्मनची, म्हंजी अल्युमिनची, लई पातेली निघतील. डबे निघतील, परातीबी निघतील."

"मोडायला मुहूर्त कधीचा धरायचा?" मोठ्या भाऊजींनी विचारलं. मोठे भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले बंधू. पुण्यात त्यांची वकिली होती आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा होता.

हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

हे म्हणजे माझे यजमान, श्रीधर चौबळ. मोठ्या लढाईत ब्रह्मदेशच्या आघाडीवर ह्यांनी हरिकेन नावाचं लढाऊ विमान चालवलं होतं. एकदा तर पंखाला पोळीएवढं भोक पडलेलं असताना ते सुखरूप खाली आणलं, अशी पेपरात बातमी होती. त्या माणसासमोर कासार विमानाला टिचक्या मारत होता.

लढाई संपल्यावर सरकारने जुनी विमानं विकायला काढली, तेव्हा ह्यांनी आणि देबू सान्याल नावाच्या ह्यांच्या जोडीदाराने दोन विमानं घेतली होती. एक हे मोठं, दोन इंजिनांचं डकोटा आणि एक लहान. साताऱ्याच्या पूर्वेला आंबेगव्हाणच्या माळावर लढाईत केलेली एक धावपट्टी ओस पडली होती. तिच्या कडेला आमचं बिऱ्हाड आणि तीच आमची कंपनी. टपाल नेलं, औषधं नेली, एकदा कोल्हापूरच्या कुस्तीसाठी एक पैलवानसुद्धा नेला. तो वाटेत दोनदा रडला, असं देबूभावजी सांगायचे आणि स्वतःच लोळून हसायचे.

गेल्या श्रावणात देबूभावजी ते लहान विमान घेऊन घाटाकडे गेले आणि ढगात डोंगराला धडकले. त्या दिवशी खरी पाळी ह्यांची होती. ह्यांना ताप होता, म्हणून ते गेले. तेव्हापासून ह्यांनी विमानात पाय ठेवला नव्हता. पत्रव्यवहार बघायचे, कुंपण दुरुस्त करायचे, पण डकोटाच्या सावलीलासुद्धा वळसा घालून जायचे.

"श्रीधर, स्पष्ट बोलतो," भाऊजी म्हणाले. "जो माणूस विमानात पाय ठेवत नाही, त्याने विमान बाळगायचं कशाला? हत्ती पोसायचा आणि चालायचं पायी? पुण्यात मोटारीच्या कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकलाय. गोदामावर साहेब म्हणून बसशील."

"बरं," हे म्हणाले.

नुसतं 'बरं'. 'नाही' म्हणाले असते, ओरडले असते, तरी चाललं असतं.

"श्रावणात दस्त तयार करून आणतो. सह्या दोघांच्या लागतील, कुमुद. भागीदार म्हणून तुझं नाव आहे."

"हो, भाऊजी," मी म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी देवापुढे पळीभर पाणी सोडलं आणि चातुर्मासाचा नेम घेतला. सूर्यनारायणाचं दर्शन झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही.

"पावसाळ्यात सूर्य?" हे म्हणाले. "अगं, दुसरं काही सुचलं नाही? वांगी सोड. कांदा सोड."

"वांगी-कांदा दरवर्षीच सोडते."

"मग गूळ सोड!"

"नेम घेतलाय आता."

माझ्या नेमधर्मांची त्यांना सवय होती. सोमवार, चतुर्थी, तुळशीच्या प्रदक्षिणा, हे सगळं लग्नापासून चाललेलं. ते खांदे उडवून कुंपणाकडे गेले. पास्कल मिस्त्री तेवढा हळहळला. तो फौजेपासून ह्यांच्याबरोबर असलेला, मूळचा गोव्याचा. "आमच्या उपासात मासळी तरी चालता, बाई. तुमचो देव भारी कडक!"

"देव नाही रे कडक," मी म्हटलं. "चल, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." आणि त्याला इंजिनांकडे घेऊन गेले.

उरलेला आषाढ आणि श्रावणाचे पहिले दिवस बरे गेले. सर येऊन गेली की ऊन पडायचं. मी तांब्याने अर्घ्य द्यायची आणि पानावर बसायची. कधी दुपार व्हायची, इतकंच. मग नागपंचमी झाली आणि झड लागली. आमच्याकडे माणदेशाच्या कडेला झड तशी विरळाच, पण लागली की माळ आणि आभाळ एक होऊन जातं. ढग इतके खाली आले की धावपट्टीच्या टोकाचं वाऱ्याचं निशाण दिसेना. पहिला दिवस पाण्यावर काढला. दुसरा दिवस तुळशीच्या पानावर. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींची मोटार चिखल उडवत आली. मागच्या आसनावर हरिभाऊ कासार, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तराजूचा काटा.

"मुहूर्त चांगला आहे," भाऊजी पायरीवर बूट झटकत मला म्हणाले. "अमृतयोग. तुलाच आवडतं ते सगळं, म्हणून बघून आलो."

मी चहाचं ताट घेऊन बाहेर आले. दारातच डोळ्यांपुढे काजवे चमकले. ताट कलंडायच्या आत ह्यांनी धरलं. माझा हात त्यांच्या हाताला लागला, तर ते दचकले.

"कुमुद, हात बर्फासारखा झालाय तुझा. काही खाल्लंस का?"

"पाणी घेतलंय."

"तीन दिवस?" भाऊजींनी उचललेला कप परत ताटात ठेवला. "तीन दिवस उपाशी? अगं, वेड लागलंय का तुला?"

"आमची आई अशीच व्हती बघा," हरिभाऊ कौतुकाने म्हणाला. "गणपतीचं दर्शन घेतल्याबिगर पान्याला शिवायची न्हाई. पर तिचा गणपती वसरीतच व्हता. वैनींचा देव लई लांब हाय."

"हरिभाऊ, तुम्ही गप्प बसा." भाऊजींनी दस्त उलगडला, शाईची दौत पुढे सरकवली. "तू सही कर आणि आत जाऊन पड जरा. एवढ्यात आटपतं."

मी पदर सावरून उभी राहिले. मोठ्या दिरांसमोर मी आजवर 'हो' याशिवाय दुसरा शब्द बोलले नव्हते.

"भाऊजी, माझ्या पोटात अन्न नाही."

"ते कळलं. मग?"

"चौबळांच्या घरात उपाशीपोटी कोणी दस्तावर सही करत नाही. मामंजींनी घातलेली रीत आहे. माझं लग्न झालं तेव्हा तुम्हीच सांगितली होतीत."

भाऊजींनी दौत पुन्हा मागे ओढली. रीत खरीच होती. मामंजींच्या वडिलांनी निर्जळी एकादशीच्या दिवशी ग्लानीत एका कागदावर सही केली आणि नदीकाठचं वावर गेलं, तेव्हापासूनची. भाऊजी तर ती इतकी पाळायचे की पुण्यात त्यांच्या कचेरीत अशिलापुढे आधी पोह्यांची बशी यायची आणि मग टाक. सगळ्या सदाशिव पेठेला ठाऊक होतं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग जेव. आत्ता जेव."

"सूर्य दिसला की जेवते."

"सूर्य आहे कुठे आज?"

"आहे तिथेच आहे, भाऊजी. ढगांच्या वर."

हे मी जमिनीकडे बघून म्हटलं. कोणाकडेही वर पाहिलं नाही. मग पास्कल खाकरला. तो पायरीवर कंदिलाची काच पुसत बसला होता.

"आठ-दहा हजार फुटांवर, साहेब. चकचकीत."

"तुला कोणी विचारलं?" भाऊजी उसळले. मग मला म्हणाले, आता जरा मऊ आवाजात, वकिलाच्या, "कुमुद, शास्त्रात सोय असते. सूर्याच्या तसबिरीचं दर्शन घे. चालतं ते."

"आजाऱ्याला चालतं. लेकराला, म्हाताऱ्याला चालतं. मी धडधाकट आहे." हे म्हणताना मी दाराची चौकट धरून उभी होते.

"हा हट्ट आहे."

"हो."

"देवाचं नाव घेऊन केलेला हट्ट!"

"देवाचं नाव घेतलंय म्हणूनच मोडता येत नाही, भाऊजी."

हे इतका वेळ ताट हातात धरूनच उभे होते. त्यांनी ते खाली ठेवलं, ओसरीच्या कडेला गेले आणि वर बघितलं. वर्षभरात मी त्यांना आभाळाकडे बघताना पाहिलं नव्हतं.

"पास्कल, इंजिनं शेवटची कधी फिरवलीस?"

"काल, साहेब. दर मंगळवारी, शुक्रवारी फिरवतंय."

"टाकीत?"

"वर जाऊन येण्यापुरतं आहे. दोनदा."

"वर्षभर कोणी उडवलं नाही आणि तू इंजिनं फिरवतोस? आवाज ऐकायचो, पण कधी विचारलं नाही. कोणी सांगितलं तुला?"

पास्कल पुन्हा कंदिलाची काच पुसायला लागला.

भाऊजी उभे राहिले. "श्रीधर, त्या ढगात जाणार तू? ह्याच ढगात? देबूचं विसरलास?"

ह्यांचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला. एक पाऊल मागे आले, ते मी पाहिलं. अजून एक पाऊल मागे आले असते, तर ते खुर्चीत बसले असते आणि खुर्चीत बसले असते तर पुण्याच्या गोदामात गेले असते. मला तेवढंच दिसत होतं.

मी आत गेले. तांब्या भरला, ताम्हन घेतलं, तांबडी जास्वंद खुडली. बाहेर आले, पदर खोचला आणि पावसात उतरले.

"कुठे निघालीस?" हे मागून ओरडले.

"बसायला," मी म्हटलं.

विमानाची शिडी निसरडी होती. तीन दिवसांची उपाशी बाई, एका हातात तांब्या, एका हातात ताम्हन. मी कशी चढले ते तो नारायणच जाणे. पुढे त्यांच्या जागेच्या उजवीकडची खुर्ची रिकामी असायची, तिच्यात जाऊन बसले आणि वाट पाहू लागले. पावसाचं पाणी समोरच्या काचेवरून ओघळत होतं. मला वाटलं, आता येतील. आले नाहीत. पुन्हा वाटलं, आता येतील. मग शिडी करकरली.

ते ओलेचिंब होते. जवळ बसले, पट्टा आवळला, समोरच्या तबकड्यांवरून हात फिरवला. हात थरथरत होता. मी ताम्हनातल्या फुलाकडे बघत राहिले. नवऱ्याचा थरथरणारा हात बायकोने पाहायचा नसतो.

"कुमुद, मला जमेलच असं नाही," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

"तरी बसणार?"

"बसलेय की."

खालून पास्कलची आरोळी आली. एक इंजिन खोकलं, धुराचा लोट आला, मग दुसरं. सगळं विमान गिरणीच्या जात्यासारखं थरथरायला लागलं, त्यात त्यांच्या हाताची थरथर मिसळून गेली. धावपट्टीवरचा चिखल दोन्ही बाजूंनी उडाला. ओसरीवरचे भाऊजी, कासार, मोटार, सगळं मागे गेलं आणि माळ खाली सुटला.

लगेच ढग लागला.

एखाद्याने चहूबाजूंनी ओलं धोतर गुंडाळावं तसं झालं. समोर नाही, खाली नाही, वर नाही. विमान एकदा खाली खचलं तसा माझा तांब्या मांडीवर हिंदकळला. ह्यांनी दात आवळले होते. कपाळावरून पाणी ओघळत होतं, ते पावसाचं नव्हतं.

"काहीतरी बोल," ते म्हणाले. "गप्प बसू नकोस. काहीही बोल."

मी सूर्याची बारा नावं सुरू केली. रोज म्हणायची तशीच, हळू आवाजात, पण इंजिनांच्या आवाजात त्यांना ऐकू जावीत म्हणून त्यांच्या कानाशी वाकून. मित्राय नमः. रवये नमः.

"डोंगराकडे पाठ आहे आपली," ते स्वतःशीच म्हणत होते. "पूर्वेला तोंड. पूर्वेला सपाटी आहे. कितवं नाव?"

"पाचवं."

"बाराव्याला वर काढतो तुला."

माझं बारावं नाव झालं. बाहेर तसंच पांढरं धोतर.

"संपली," मी म्हटलं.

"मग पुन्हा सुरू कर! वाण्याचा हिशेब आहे का हा?"

ते माझ्यावर वसकन ओरडले. मला इतका आनंद झाला. वर्षभरात ते कोणावर ओरडलेच नव्हते.

मी पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या नावाला पांढऱ्याचं पिवळं झालं. चौथ्याला डोळे दिपले.

ताक घुसळून झाल्यावर वर लोणी येतं ना, तसा ढगांचा थर खाली पसरला होता, नजर पोचेल तिथपर्यंत. आणि वर निळं, धुतलेलं आभाळ आणि त्यात तो. तीन दिवस कुठेही न गेलेला. आपल्या जागीच बसलेला.

मी ताम्हनात अर्घ्य सोडलं. फूल वाहिलं. डोळे पुसले. शेजारी बघितलं, तर ह्यांचे हात थांबले होते. दोन बोटांनी विमान धरलं होतं, पेन धरावं तसं.

बराच वेळ नुसते उडत राहिलो. मग ते म्हणाले, "कुमुद, हा नेम तू कधी घेतलास?"

"आषाढात."

"आषाढात कधी?"

"कासार विमान वाजवून गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी सूर्याकडे पाहत राहिले.

"आणि पास्कलला इंजिनं फिरवत ठेव म्हणून कोणी सांगितलं?"

"त्याच दिवशी सांगितलं."

"झड लागली नसती तर?"

"श्रावण आहे. कधीतरी लागलीच असती."

"आणि मी तुला वर आणलंच नसतं तर?"

"तर उपाशी राहिले असते."

"किती दिवस?"

"तुम्ही आणेपर्यंत."

ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला. देबूभावजी हसायचे तसंच अगदी. हसता हसता रडले, तेही मी पाहिलं नाही असं केलं.

"जपान्यांनीसुद्धा मला असं कोंडीत पकडलं नव्हतं!" ते म्हणाले. "आणि देवाला काय सांगितलंस? त्याची फसवणूक नाही झाली?"

"त्याला संकल्पातच सांगितलं होतं. दर्शन तुझं घेईन, पण तुझ्यापर्यंत आणणारा माणूस माझा मला परत दे. देवाशी लपवाछपवी कशाला?"

त्यांनी विमान अलगद वळवलं. "चल. तुला भूक लागली असेल."

"लागली आहे," मी म्हटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा कबूल केलं.

खाली येताना पुन्हा ढग लागला. ह्या वेळी त्यांनी मला बोलायला सांगितलं नाही. ते स्वतःच बोलत होते. फलटणच्या बाजूला सपाटी कुठे आहे, ओढा कुठे आहे, पुढच्या महिन्यात टपालाचं काम पुन्हा मागायचं, पास्कलचा पगार वाढवायचा. ढगातून निघालो तेव्हा खाली ओल्या बाजरीची शेतं होती. ओढा धरून आम्ही माळावर आलो.

ओसरीवरची माणसं पळतच विमानापाशी आली. भाऊजींच्या धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल. श्रीधर, श्रीधर, एवढंच म्हणत त्यांनी धाकट्या भावाचे दोन्ही दंड धरले आणि हलवले. त्यांचंही प्रेम खोटं नव्हतं. एक भाऊ जिवंत राहावा एवढंच त्यांना हवं होतं. जिवंत म्हणजे काय, यावर आमचं जमत नव्हतं.

हरिभाऊ कासार सवयीने पुढे झाला आणि त्याने पेराने इंजिनावर टकटक केली.

"आयायाया!" तो बोट तोंडात घालून नाचला. सगळे हसले, भाऊजीसुद्धा. त्याने बोट काढलं, त्यावर फुंकर मारली आणि डोकं हलवलं.

"वकीलसाहेब, ह्यो सौदा न्हाई जमायचा."

"का? भाजलं म्हणून?"

"व्हय, भाजलं म्हनूनच. आमच्यात एक हाय, चुलीवरचं भांडं मोडीत घेत न्हाईत. थंड पडल्यालं, अडगळीतलं कितीबी द्या. पर ज्याच्याखाली जाळ हाय त्याला कासार हात लावत न्हाई. आमच्या बापानं लावला न्हाई, मीबी न्हाई लावायचा."

"तुमच्या बापाचं राहू द्या," भाऊजी म्हणाले. "दुसरे दहा घेणारे मिळतील. दस्तात घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवता येतं." वकील तो वकीलच.

मी पानं मांडली. वरण, भात, लिंबू, भोपळ्याची भाजी. पास्कलपासून सगळे एकाच पंगतीला बसले. मी उगवतीकडे तोंड करून पहिला घास घेतला. पुढे ह्यांची चार विमानं झाली, टोळधाडीवर फवारणी केली, मोठमोठे लोक आमच्या पंगतीला जेवून गेले. पण तशी चव मला पुन्हा कशाला आली नाही.

मी हात धुऊन बाहेर आले तर भाऊजी तयारच बसले होते. दस्त उलगडलेला, टाक शाईत बुडवलेला.

"सूर्य दिसला?"

"दिसला."

"जेवलीस?"

"पोटभर."

"मग आता रीतही आड येत नाही आणि नेमही. घे. तू जे करशील ते श्रीधर करेल. आत्ताच म्हणाला."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते, माझ्याकडे बघत. डोळे वर आभाळात होते तसेच, निवांत.

मी खाली बसले. टाक घेतला. टोकावरची शाई दौतीत निथळू दिली, फडक्याने टोक स्वच्छ पुसलं आणि टाक दौतीशेजारी आडवा ठेवला. मग दस्ताची घडी घालून ती दोन्ही हातांनी भाऊजींपुढे सरकवली. त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला.

"भाऊजी, मामंजींनी ती रीत का घातली, ते मला आज कळलं," मी म्हटलं. "उपाशी माणूस कशालाही 'हो' म्हणतो. पोट भरलं की त्याला 'नाही' म्हणता येतं."

भाऊजींनी दस्ताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात खांबापासून ह्यांचा आवाज आला. मोठा, फौजेतला, माळभर ऐकू जाईल असा.

"पास्कल! टाकी भरून ठेव रे. उद्याही ढग आहेत!"